शिरदाकावरचा प्रोसेसर

अक-कप्ताल घाटातल्या चौकीवर लोखंडी कपाटात जो सर्व्हर घोंघावत असे, त्याला सगळे ‘म्हातारा’ म्हणत. डोंगरउतारांवर ठिकठिकाणी खांब रोवले होते. बर्फाची जाडी, वारा, ऊब यांचे आकडे तिथून त्याच्याकडे येत आणि बर्फाचा कडा कधी सुटेल याचा हिशेब तो करत बसे. धोका दिसला की भोंगा वाजे आणि रस्त्यावरचा आडवा दांडा आपोआप खाली येई. बसवला तेव्हा खांब मोजके होते. मग वरच्या साहेबांना हौस आली, दर उन्हाळ्यात नवे खांब उभे राहिले, पण हिशेब करणारं डोकं तेच राहिलं. एका बैलावर चार बैलांचं ओझं लादलं तर तो चालतो, पण पोचायचा तेव्हाच पोचतो.

गेल्या हिवाळ्यात कडा आधी सुटला आणि भोंगा नंतर वाजला. रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा उलान त्या वेळी यंत्र घेऊन दांड्यापलीकडच्या वळणावर होता. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, फक्त इथं वरातच निघायची राहिली. वसंतात त्याचं लग्न ठरलं होतं.

उलानची आई बुरुलसुन त्याच चौकीवर स्वयंपाक करायची. भोंगा वाजला तेव्हा तिचे हात पिठात होते. चौकशीला माणसं आली, टोप्या काढून उभी राहिली, तिच्याच हातचा चहा प्याली आणि गेली. ती मात्र गेली नाही. गावातल्या बायका म्हणाल्या, कशाला त्या भिंतींत राहतेस, लेकीकडे जा. ती म्हणाली, “म्हाताऱ्याचं डोकं बदलल्याशिवाय नाही जायची.” पुढच्या कुणाच्या तरी पोरासाठी भोंगा वेळेवर वाजलेला तिला आपल्या कानांनी ऐकायचा होता. एवढी एकच गोष्ट तिला या जगाकडून हवी होती.

आणि एका गुरुवारी बिश्केकहून मेदेर नावाचा इंजिनिअर नवा प्रोसेसर घेऊन आला.

गुरुवार म्हणजे मेलेल्यांसाठी तळण काढायचा दिवस. बुरुलसुन कढईत कणकेचे बोरसोक सोडत होती. तुपाचा वास उलानपर्यंत पोचतो यावर तिचा पूर्ण विश्वास होता आणि त्यावर कुणाशी वाद घालायची तिची तयारी नव्हती. मेदेर आत आला, उबेनं त्याचा चष्मा धुकटला. बोलायच्या आधी त्यानं एक बोरसोक उचलून खाल्ला आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरून, मेलेल्याच्या नावानं पुटपुटून हात चेहऱ्यावरून फिरवले. पोरगा शहरी असला तरी वळणाचा आहे, हे तिला आवडलं.

“आणलास?”

“आणला, आपा.” त्यानं कोटाच्या आतून पेटी काढून दाखवली. काडेपेट्यांच्या पुड्याएवढी असेल नसेल.

“एवढासाच?”

“एवढासाच. पण म्हाताऱ्यापेक्षा कितीतरी हुशार. म्हातारा अर्धा दिवस घेतो तो हिशेब हा चहा निवायच्या आत करेल.”

चौकीचा प्रमुख कुबात मागून आला. जाडजूड, पांढऱ्या मिशांचा माणूस. “हुशार असू दे,” तो म्हणाला, “पण आमच्यासारखा सरकारी नसू दे म्हणजे झालं.”

सर्व्हरच्या खोलीत गेल्यावर मेदेर दारातच थबकला. मधल्या लांब टेबलावर शिरदाक अंथरला होता. लाल आणि काळ्या नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे, तुकडे कापून, एकमेकांत बसवून, बोकडाच्या शिंगांची नक्षी उठवलेला, कडांना दुहेरी शिवण घातलेला. असा शिरदाक करायला एका बाईचे हिवाळ्यामागून हिवाळे जातात.

“आपा, हे…” मेदेरनं चष्मा सारखा केला. “म्हणजे, टेबल उघडं असतं तरी…”

“उघड्या टेबलावर? तुमच्या शहरात पाहुण्याला उघड्या जमिनीवर बसवतात का?” तिनं हातानं नमदा सरळ केला. “उलानच्या लग्नासाठी करत होते. एक कोपरा राहिला होता, तो आत्ता या महिन्यात पुरा केला. ज्याच्या जिवावर पोरं जगणार, तो गार लोखंडावर कशाला ठेवायचा?”

मेदेरनं कुबातकडे पाहिलं. कुबात मिशी चावत खिडकीबाहेर बघू लागला. नमदा म्हणजे नुसती लोकर, आणि कोरड्या थंडीत लोकरीत वीज साठते, हे मेदेरला शाळेपासून माहीत होतं. असलं नाजूक काम लोकरीवर करू नये, हे तर त्याच्या कामाचं पहिलं पाऊल. पण मुलगा गेलेल्या आईला ‘तुझ्या मुलाचा शिरदाक उचल’ असं तोंडावर कोण म्हणणार? आमच्याकडे तरी कुणी म्हणत नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

“छान आहे, आपा,” तो म्हणाला.

त्यानं मनगटाला एक पट्टा बांधला आणि त्याची तार कपाटाच्या लोखंडाला अडकवली.

“हे काय, कुत्र्यासारखं बांधून घेतोस?” कुबात म्हणाला.

“अंगातली वीज उतरून जायला, कुबाके. नाहीतर बोटातून ठिणगी जाते आणि याचं डोकं जळतं.”

“माझ्या बायकोला एक पट्टा आणून दे बाबा.”

कुणी फारसं हसलं नाही. मेदेरनं सर्व्हर बंद केला. पंखे एकेक करून मंदावले आणि थांबले. इतक्या वर्षांत ती खोली कधी गप्प झालेली बुरुलसुननं ऐकली नव्हती. आता वर डोंगरावर काही झालं तर सांगणारं कुणीच नव्हतं.

“लवकर कर रे बाळा.”

“करतो, आपा. आज आभाळ निरभ्र आहे, म्हणूनच आजचा दिवस धरला.”

दोघांनी मिळून सर्व्हर कपाटातून ओढला आणि शिरदाकावर ठेवला. झाकण निघालं. आत मधोमध तांब्याच्या पापुद्र्यांचा एक ठोकळा होता, उष्णता पिऊन घेणारा. त्याचे स्क्रू मेदेरनं आळीपाळीनं सैल केले, एकदम एकाच बाजूचे नाही. ठोकळा उचलला तर खाली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती त्यानं कापडानं पुसली, कडेची बारीक तरफ उघडली आणि जुना प्रोसेसर दोन बोटांत धरून वर घेतला. जुना म्हातारा तो हाच. बुरुलसुननं त्याच्याकडे रागानं पाहिलं. मग तिला त्याची थोडी कीवही आली, कारण ढोर आपल्या बळाबाहेर ओढू शकत नाही.

मेदेरनं नवा पेटीतून काढला, कडांनी धरला आणि उलटा करून दाखवला. खालच्या अंगावर दाट ओळींत सोनेरी ठिपके होते.

“हे सगळे जागेवर टेकले पाहिजेत,” तो म्हणाला. “एकही चुकून चालत नाही.”

“माझ्या टाक्यांसारखं.”

“अगदी तसंच, आपा.”

तिनं तळहात उघडले आणि दुवा मागितली: वाट मोकळी राहो, जाणारा पोचो, आईचा दरवाजा बंद न होवो. तिघांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. आणि मग, पोरक्या वासराच्या कपाळाला हात लावावा तसं, तिनं पुढे होऊन एका बोटानं त्या सोनेरी ठिपक्यांना हात लावला.

चट्‌ झालं. बोटाच्या टोकाला सुई टोचल्यासारखं. तिनं हात मागे घेतला. मेदेरची नजर तिच्या बोटावर गेली, तिथून शिरदाकावर आणि पुन्हा हातातल्या प्रोसेसरवर.

त्यानं तो जागेवर बसवला, तरफ दाबली, वर वाटाण्याएवढी पेस्ट ठेवली, ठोकळा आवळला आणि बटण दाबलं. पंखे जोरात फिरले. एक नारिंगी दिवा लागला आणि तसाच राहिला. पडदा काळा. त्यानं बंद करून पुन्हा लावला, सगळं काढून पुन्हा बसवलं. पडदा काळाच. मग त्यानं जुना परत बसवला, आणि म्हातारा खोकत खोकत उठावा तसा सर्व्हर सुरू झाला.

“माल खराब निघाला,” मेदेर म्हणाला. तो बोलला ते जमिनीकडे बघून.

कुबातनं बाजारातल्या विकणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या. “कारखान्यातच बिघडलेला दिला असणार चोरानं. दुसरा कधी?”

“महिना तरी. परवानगी, मग मागणी, मग बाहेरून येणं…”

“महिनाभरात हिवाळा संपेल.”

“हो, कुबाके.”

बुरुलसुन स्वयंपाकघरात गेली. बोरसोक गार झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शिरदाक गुंडाळायला आली. बाहेर अंधारून आलं होतं, बर्फ पडायला सुरुवात झाली होती. तिनं नमद्याचं एक टोक दुसऱ्यावरून ओढलं आणि तो चरचरला. घडीच्या आत, सावलीत, निळसर ठिणग्या दिसल्या. लहानपणी आईबरोबर लोकर पिंजताना याच ठिणग्या बघून ती हसायची. ती गुंडाळी तशीच हातात घेऊन उभी राहिली.

मेदेर चहाला आला तेव्हा तिनं कप त्याच्यापुढे ठेवला, पण कपावरचा हात काढला नाही.

“माल खराब नव्हता.”

“आपा…”

“खरं सांग. मी तुझ्या आईच्या वयाची आहे. माझ्याशी खोटं बोललास तर हा चहा तुला पचायचा नाही.”

त्यानं चष्म्यावरची वाफ पुसली. “नक्की सांगता येत नाही,” तो म्हणाला. “पण बहुतेक त्या ठिणगीनंच गेला. चूक माझी. शिरदाक पाहिला तेव्हाच मी उचलायला सांगायला हवं होतं. मला माहीत होतं. तोंडातून शब्द निघाला नाही.”

“का?”

“कसं सांगू? तुम्ही म्हणालात, उलानच्या लग्नाचा.”

तिनं कपावरचा हात काढला. म्हणजे तिच्याच बोटानं. जो यावा म्हणून तिनं वर्षभर या भिंती धरून ठेवल्या, तो तिच्याच बोटानं मेला. ती रडली नाही. रडली असती तर मेदेरला बरं वाटलं असतं, आणि त्याला बरं वाटावं अशी तिची अजिबात इच्छा नव्हती.

“पी चहा,” ती म्हणाली. “गार होतोय.”

बर्फ पडतच राहिला. खालचा रस्ता बंद झाला आणि मेदेर चौकीवरच अडकला. मग एका सकाळी आभाळ उघडलं, दक्षिणेकडचा उबदार वारा सुटला आणि छपरावरून पाणी गळू लागलं. नव्या बर्फावर असा वारा आला की घाटातला प्रत्येक माणूस वर बघतो. कुबात बघत होता, मेदेर बघत होता, चौकीचा कुत्रासुद्धा बाहेर यायला तयार नव्हता.

रस्ता साफ झाला होता. दांड्यापाशी दक्षिणेकडून आलेल्या ट्रकांची रांग लागली होती आणि हॉर्न वाजवून वाजवून ड्रायव्हर थकले होते. दांडा वर होता, पण कुबातनं आपली जीप आडवी लावून त्यांना थोपवलं होतं आणि तो फोनवर वरच्या कचेरीशी बोलत होता.

“साहेब, वारा बदललाय… हो, हो… यंत्र? यंत्र मोजतंय… अजून नाही… साहेब, मला वाटतं… बरं. बरं.” त्यानं फोन ठेवला. “म्हणे, मोजू दे. यंत्रानं सांगितल्याशिवाय रस्ता अडवायचा नाही. मागच्या खेपेला मी माझ्या अकलेनं बंद केला, काही पडलं नाही, आणि माझी काय गत झाली ते सगळ्यांना माहीत आहे. जीप काढावी लागेल.”

“म्हातारा कुठवर आला?” बुरुलसुननं मेदेरला विचारलं.

“पहाटेच्या आकड्यांवर आहे, आपा.”

“उलानच्या वेळीही पहाटेच्याच आकड्यांवर होता?”

मेदेरनं त्या दिवसाच्या नोंदी पाहिल्या होत्या. “हो.”

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या खांद्यावर शिरदाकाची गुंडाळी होती. कुबात जीप मागे घेत होता, पहिल्या ट्रकचं इंजिन गुरगुरत होतं. ती दांड्याखालून पुढे गेली आणि रस्त्याच्या मधोमध, चिखलबर्फात, तिनं तो लाल-काळा शिरदाक उलगडला. शेजारणीकडे गप्पांना आल्यासारखी ती त्यावर मांडी घालून बसली.

पहिल्या ट्रकमधून जोलदोश नावाचा ड्रायव्हर उतरला. दाढी वाढलेला, डोळे तारवटलेले.

“आपा! हा काय पिकनिकचा दिवस आहे?”

“बस तूही. चहा मागवू?”

“माझी डाळिंबं गारठली तर बिश्केकात फुकटसुद्धा कोणी घेणार नाही. उठा बरं.”

“डाळिंबं कुणाची? तुझी?”

“मालकाची.”

“मग मालकाच्या डाळिंबांसाठी तू का मरतोस?”

मागचे ड्रायव्हर जमले. एकानं ओरडून सांगितलं, “अरे उचलून बाजूला ठेवा म्हातारीला, नमद्यासकट!” दुसरा म्हणाला, “बाजूनं घाल गाडी, जागा आहे.” जोलदोशनं जागेचा अंदाज घेतला. होती जागा, एका चाकापुरती. तो ट्रककडे वळला.

तेव्हा बुरुलसुननं डोक्यावरचा पांढरा रुमाल सोडला. आमच्याकडे म्हातारी बाई आपल्या मेलेल्या नवऱ्यासमोरसुद्धा डोकं उघडं करत नाही. तिनं तो रुमाल झटकला आणि शिरदाकाच्या बाजूला, त्या एका चाकापुरत्या जागेत, जमिनीवर टाकला. तिचे पिकलेले केस वाऱ्यानं विस्कटले.

ओरडणारे दोन पावलं मागे सरले. आयांनी पांढरा रुमाल मध्ये टाकला की भांडणारी माणसंही हत्यारं खाली ठेवत, असं इथलं प्रत्येक पोर ऐकत आलेलं असतं. तो ओलांडणाऱ्याला गाव उरत नाही.

“उचला तो, आपा,” जोलदोश हळूच म्हणाला. “असं करू नका. आम्हीही आईच्या पोटचे आहोत.”

“म्हणूनच टाकला.”

“किती वेळ बसणार?”

“म्हातारा हिशेब संपवेपर्यंत. माझ्या मुलाच्या वेळी कुणी बसलं नव्हतं.”

जोलदोशनं तिच्याकडे नीट पाहिलं, मग वळणाकडे, मग शिरदाकाकडे. “तुम्ही उलानची आई?”

तिनं मान हलवली. जोलदोशनं मागे जाऊन इंजिन बंद केलं. एकेक करत मागची इंजिनंही बंद झाली. कुबातनं आपला मेंढीच्या कातड्याचा कोट काढून तिच्या खांद्यांवर टाकला. “माझी नोकरी गेली,” तो म्हणाला आणि तिच्या शेजारी खाली बसला. मेदेरही आला. शिरदाकावर पाय ठेवण्याआधी तो क्षणभर अडखळला, तेव्हा ती म्हणाली, “ये रे. आता काय जळायचं राहिलंय?”

ते बसून राहिले. ड्रायव्हर शेकोटी करावी की नाही यावर वाद घालत होते. ऊन चढत गेलं. काहीच घडलं नाही, आणि कुबात अधूनमधून फोनच्या आवाजानं दचकत होता. तिच्याही मनात आलं, नाही पडलं तर? या बिचाऱ्याचं काय? पण ती उठली नाही.

मग वर कुठेतरी जाड कापड फाटल्यासारखा आवाज झाला. उताराची अख्खी कूस जागेवरून हलली. कुणी ओरडलं नाही, ओरडायला वेळच नव्हता. पांढरा लोट वळणावर आदळला, रस्ता खाऊन दरीत उतरला, आणि त्याचा गार फवारा दांड्यापर्यंत, शिरदाकापर्यंत, त्यांच्या तोंडांपर्यंत आला. उलान जिथं होता तेच वळण. आता तिथं रस्ता नव्हता, आणि त्या रस्त्यावर कुणीही नव्हतं.

लोट बसला. सगळीकडे शांत झालं. जोलदोशनं टोपी काढून छातीशी धरली.

आणि तेव्हा चौकीवरचा भोंगा वाजू लागला. दांडा करकरत त्यांच्या मागे खाली आला.

बुरुलसुननं दोन्ही कान झाकून घेतले आणि ती रडली. वर्षभराचं सगळं रडली, कुबातच्या कोटात तोंड खुपसून, मोठ्यानं, पोरीसारखी. भोंगा वाजतच होता. जोलदोशनं जमिनीवरचा रुमाल उचलला, बर्फ झटकला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. तिनं तो डोक्यावर घेतला. गाठ मेदेरनं मारली.

“जा रे,” ती त्याला म्हणाली, “बंद कर त्याला. सांग म्हणावं, कळलं आम्हाला.”

तो उठला, तेव्हा तिनं त्याची बाही धरली.

“आणि पुढचा घेऊन येशील ना, तेव्हा टेबल उघडं ठेव. मी दाराबाहेर बसेन.”